फझ पेडलचं सर्किट उलगडायचंय? आधी व्होल्टेज मोज, ट्रॅक नंतर

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याला मित्राकडून परदेशी बनावटीचं, हाताने बांधलेलं एक महागडं फझ पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारं, पायाने चालू-बंद करायचं खोकं) काही दिवसांसाठी मिळालंय. आत गोल धातूच्या टोपीचे तीन ट्रांझिस्टर (सिग्नल मोठा करणारे पार्ट) आहेत, त्यांवरचे नंबर खरवडलेत. बोर्डाच्या एका कोपऱ्यावर काळा एपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा गोंद, ओतलाय. बाहेर तीन नॉब, आत स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा एक छोटा ट्रिमर. "काका, याचं सर्किट कसं काढायचं, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या पार्टमध्ये तोच आवाज येईल का?"

सर्किट निघेल. एका संध्याकाळचं काम आहे, फार तर दोन. आवाजाचं मात्र आत्ताच सांगून ठेवतो: नुसत्या सर्किटच्या नकाशातून तो येणार नाही. फझमध्ये पार्ट इतके कमी असतात, की प्रत्येक ट्रांझिस्टर कुठल्या व्होल्टेजवर बसलाय यावरच निम्मा आवाज ठरतो, आणि ते नकाशात लिहिलेलं नसतं. म्हणून पेडल चालू आणि धडधाकट असतानाच मोजून घे. सोल्डरिंग आयर्न तापवायची घाई करू नकोस. एकदा पाय सुटला की मूळ व्होल्टेज गेलं, ते कुठल्याही फोटोत सापडत नाही.

तर पहिलं काम. कागदावर तक्ता आख. तिन्ही ट्रांझिस्टरचे तिन्ही पाय (बेस, कलेक्टर, एमिटर), बॅटरीचं व्होल्टेज आणि खोलीचं तापमान. हो, तापमानसुद्धा, त्याचं कारण पुढे येतं. ताजी ९ व्होल्टची बॅटरी लाव, इनपुटला गिटारची केबल खोचून ठेव, कारण बऱ्याच पेडलमध्ये इनपुट जॅकमध्ये प्लग गेल्याशिवाय बॅटरीच जोडली जात नाही. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर. मल्टिमीटरचा काळा प्रोब जॅकच्या ग्राउंडला. सगळे आकडे उणे आले तर घाबरू नकोस. पीएनपी (ट्रांझिस्टरची उणे सप्लायवर चालणारी जात, एनपीएन तिच्या उलट) जर्मेनियमची (सिलिकॉनच्या आधी ट्रांझिस्टरमध्ये वापरायचे तो पदार्थ) पेडलं परंपरेने पॉझिटिव्ह ग्राउंडवर बांधतात, म्हणजे बॅटरीची अधिक बाजू चॅसीला, धातूच्या डब्याला. असं पेडल नेहमीच्या ॲडॉप्टरवर दुसऱ्या पेडलांच्या माळेत लावलंस तर सरळ शॉर्ट होईल, हे मित्रालाही सांग.

आकडे उणे आले आणि बोर्डावर आठ पायांची एक आयसी आणि तिच्या बाजूला दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दिसले, तर ती ऑपॲम्प (सिग्नल मोठा करणारी चिप) असेल असं धरून चालू नकोस. बहुतेक वेळा ती व्होल्टेज उलटवणारी असते: आयसीएल७६६०, मॅक्स१०४४, टीसी१०४४एस यांच्या जातीची. ती आतल्या आत उणे ९ व्होल्ट तयार करते, म्हणजे पीएनपी ट्रांझिस्टर नेहमीच्या ॲडॉप्टरवर चालतात. तिचा आवाजाशी संबंध नाही. असलाच तर नकोसा: मूळ वेगावर तिचं स्विचिंग कानाला ऐकू येईल इतक्या खाली असतं आणि बारीक शिटी घुसते. म्हणून मॅक्स१०४४, टीसी१०४४एस यांसारख्यांत १ आणि ८ नंबरचे पाय जोडलेले दिसतात, त्याने तो वेग कानाच्या पल्ल्याबाहेर जातो. हा भाग ओळखून बाजूला ठेवलास की उरलेलं सर्किट बरंच लहान दिसायला लागतं. तीच गोष्ट नऊ पायांच्या फूटस्विचची आणि एलईडीची. नवखी मुलं तिथेच तारा मोजत बसतात. स्विच बाजूला, एलईडी बाजूला. बोर्डावर सिग्नल येणारी एक तार, जाणारी एक, सप्लाय आणि ग्राउंड. एवढ्याशीच आपलं देणंघेणं.

आता घराणं ओळखायचं. बुटिक, म्हणजे थोडक्या संख्येत हाताने बांधलेलं पेडल म्हटलं की लोकांना आत काहीतरी अद्भुत असेल असं वाटतं. माझ्या टेबलावर आलेल्यांपैकी बहुतेक १९६० आणि ७०च्या दशकांतल्या चारपाच सर्किटांचीच नातवंडं निघालीत. १९६२चं माएस्ट्रो एफझेड-१, तीन जर्मेनियम ट्रांझिस्टर, दीड व्होल्टचे दोन सेल. १९६५ पासूनचं टोन बेंडर आणि त्याच्या आवृत्त्या. १९६६चं लंडनच्या आर्बिटर कंपनीचं फझ फेस, दोनच ट्रांझिस्टर. मग इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बिग मफ, चार सिलिकॉन ट्रांझिस्टर, मधल्या दोन स्टेजमध्ये क्लिपिंगचे, म्हणजे लाटेची टोकं कापणारे डायोड. ऑक्टेव्ह फझचं (वरच्या सप्तकातला सूर मिसळणाऱ्या फझचं) घर वेगळं: आत छोटा ट्रान्सफॉर्मर दिसला, किंवा दोन ट्रांझिस्टर जोडीने लाट उलटीसुलटी करून एकत्र आणताना दिसले, तर तिकडे शोध.

तुझ्याकडे तीन ट्रांझिस्टर आहेत. माझा पहिला अंदाज टोन बेंडर मार्क टू. म्हणजे फझ फेससारखी शेवटची जोडी आणि तिच्या आधी एक जास्तीची गेन स्टेज (सिग्नल मोठा करणारा टप्पा). दुसरी शक्यता, फझ फेस आणि मागे आवाज उचलून धरणारा बूस्टर. तिसरी, पुढे लावलेला बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता फक्त पुढे ढकलणारा टप्पा. या तिन्हींतला फरक बराचसा तक्त्यावरूनच कळतो. फझ फेसची जोडी लगेच ओळखू येते: एका ट्रांझिस्टरचा कलेक्टर आणि दुसऱ्याचा बेस एकाच व्होल्टेजवर, कारण मधे कपॅसिटर नाही, थेट जोडणी आहे. ते दोन सारखे आकडे तक्त्यात शोध. सापडले की जोडी सापडली, आणि उरलेला तिसरा पुढे आहे की मागे एवढंच बघायचं राहतं. त्याचा बेस इनपुटकडून येत असेल आणि आउटपुट एमिटरवरून घेतलं असेल तर बफर, कलेक्टरवरून घेतलं असेल तर गेन स्टेज.

इथे जरा थांबू, कारण खरी मजा या जोडीत आहे. मूळ फझ फेसचे पार्ट बघ: पहिल्या कलेक्टरला ३३ के (के म्हणजे हजार ओहम), दुसऱ्याला ८.२ के आणि ४७० ओहम एकामागे एक, दुसऱ्याच्या एमिटरला १ के चा फझ पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर), आणि त्या एमिटरवरून पहिल्याच्या बेसपर्यंत परत येणारा १०० के. इनपुटला २.२ मायक्रोफॅरड, फझ पॉटला २०, आउटपुटला ०.०१, आणि शेवटी ५०० के चा व्हॉल्यूम पॉट. एवढंच. आता हिशोब कर. पहिल्या ट्रांझिस्टरमधून जाणारा करंट साधारण पाव मिलिअँपियर, कारण ३३ के वर जवळजवळ सगळी बॅटरी पडते. त्याचा गेन (बेसच्या करंटच्या कितीपट करंट कलेक्टरमधून जातो ते) ७० धरला तर बेसला साडेतीन मायक्रोअँपियर हवेत. ते १०० के मधून येतात, म्हणजे त्यावर ०.३५ व्होल्ट. जर्मेनियमचा बेस-एमिटर ०.१२ च्या आसपास. बेरीज झाली ०.४७, आणि तेच दुसऱ्याच्या एमिटरचं व्होल्टेज. १ के वर ०.४७ म्हणजे ०.४७ मिलिअँपियर, आणि तो ८.६७ के मधून गेला की ४.१ व्होल्ट पडले. दुसऱ्या कलेक्टरवर उरले ४.९. साडेचारच्या आसपास बसवायचं, असं सगळे म्हणतात ते हेच.

आता त्याच जागी सिलिकॉन बसव. बेस-एमिटर एकदम ०.६ वर जातो, एमिटरचा करंट वाढतो आणि कलेक्टर साडेतीनपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. म्हणूनच ८.२ के च्या जागी ट्रिमर किंवा बाहेर 'बायस' (ट्रांझिस्टर कुठल्या व्होल्टेजवर बसतो ते) नावाचा नॉब देण्याची पद्धत पडली. तुझ्या पेडलमधला ट्रिमर बहुधा तोच असणार. त्याला हात लावण्याआधी त्याच्या खाचेचा फोटो काढ आणि बारीक पेनने खूण कर.

ट्रांझिस्टर जर्मेनियम की सिलिकॉन हे नंबर खरवडून लपत नाही. बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज चालू पेडलमध्ये ०.१ ते ०.३ असेल तर जर्मेनियम, ०.६ च्या आसपास असेल तर सिलिकॉन. धातूची टोपी बघून भुलू नकोस. बीसी१०८ सुद्धा टोपीवालाच असतो आणि तो सिलिकॉन आहे. नंबर कळला नाही तरी चालतं. जात (जर्मेनियम की सिलिकॉन), दिशा (पीएनपी की एनपीएन), गेन आणि लीकेज (बेस मोकळा असतानाही गळणारा करंट) कळलं की पुरे, आणि हे चारही मोजता येतात.

मग फोटो. बोर्ड दोन्ही बाजूंनी, कॅमेरा अगदी सरळ वर धरून, आणि एक फोटो मागून टॉर्च लावून. मागचा फोटो कॉम्प्युटरवर आरशासारखा उलटा करून पुढच्यावर ठेव, पारदर्शकता निम्मी कर. गिंप नावाच्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, फुकट आहे. तरीही फोटोवर विश्वास ठेवून रेघा ओढू नकोस. फोटो फक्त कुठे बघायचं ते सांगतो, जोडणी आहे की नाही हे मल्टिमीटरचा बीप सांगतो. आणि ट्रॅक काढत बसण्यापेक्षा जोड काढ. एकमेकांना थेट जोडलेले सगळे पाय म्हणजे एक जोड, त्याला एक नाव दे: इनपुट, पहिला बेस, पहिला कलेक्टर. पार्टांची यादी कर आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या दोन जोडांच्या मधे आहे ते लिही. पंधरावीस ओळींत पेडल संपतं. चित्र त्यानंतर, केआयकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढ नाहीतर पाटीवर.

बीप घेताना एक काळजी: बॅटरी काढलेली हवी आणि मीटर असा हवा की बीप काही ओहमांच्या आतच वाजेल. स्वस्त मीटर पन्नाससाठ ओहमलाही वाजतात आणि मग ४७ ओहमचा रेझिस्टर तुला तार वाटतो.

रेझिस्टर किती ओहमचा ते रंगीत पट्ट्यांवरून वाच आणि मीटरने ताळा कर. सर्किटमध्ये मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, कारण शेजारून दुसरा रस्ता असतो. जास्त येत असेल तर एकतर पार्ट बिघडलाय किंवा कुठल्या तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरलाय. प्रोब उलटे करून दुसऱ्यांदा मोज. दोन आकडे वेगळे आले तर मधे ट्रांझिस्टर किंवा डायोड डोकावतोय, त्या जागी एक पाय उचलावाच लागेल. पृष्ठभागावर चिकटवलेले बारीक रेझिस्टर असतील तर १०३ म्हणजे १० के, १००२ म्हणजेही १० के, आणि ०१सी असं काही दिसलं तर तेही १० केच. त्याच आकाराच्या सिरॅमिक कपॅसिटरवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. ते काढून मोजण्याला पर्याय नाही. सर्किटमध्ये मोजलेला कपॅसिटर म्हणजे ऐकीव बातमी. कलेक्टर-बेसच्या मधे बोर्डाच्या मागून लावलेला काही पिकोफॅरडचा तुकडाही शोधून बघ. सिलिकॉन फझमध्ये रेडिओ स्टेशन आणि शिट्टी थोपवायला तो लावतात, आणि आवाजाचा चरचरीतपणाही त्यानेच कमी होतो.

पॉटवर अक्षर असतं. बी म्हणजे सरळ, ए म्हणजे लॉग, सी म्हणजे उलटा लॉग. फझचा पॉट सी१के असेल तर तसाच लिहून घे. सरळ पॉट लावलास तर सगळी करामत नॉबच्या शेवटच्या टोकात दाटते आणि वाटतं, सर्किटच चुकलं.

आता एपॉक्सी. लोक हीट गन सुचवतील. एपॉक्सी गरम झाल्यावर चामट होतो आणि बांबूच्या काडीने खरवडता येतो हे खरं. पण त्याखाली किंवा शेजारी जर्मेनियम असेल तर त्याची सहनशक्ती साधारण ९० अंशांवर संपते, आणि एपॉक्सी मऊ व्हायला बहुधा त्याहून जास्त लागतं. पेडल मित्राचं आहे. दुसरा सल्ला येईल डायक्लोरोमिथेनचा, म्हणजे रंग काढायच्या रसायनाचा. तो तर घरात आणूच नकोस. त्याची वाफ विषारी असते आणि तो ४० अंशांच्या जरासा आधीच उकळतो. आपल्याकडे मे महिन्यात टेबलावर उघडून ठेवलास तर तो आपोआप उकळायला लागेल, आणि कूलर ती वाफ खोलीभर फिरवेल.

माझा सल्ला: एपॉक्सी काढूच नकोस. तो सहसा पार्टांच्या बाजूने ओतलेला असतो, मागची सोल्डरची बाजू उघडीच राहते. तिथून येणारे-जाणारे जोड मोज. झाकलेला भाग म्हणजे दोनतीन पायांचं एक बंद खोकं समज आणि घराण्यावरून विचार, इथे काय असायला हवं? उरलेल्या सर्किटवरून घराणं ठरलेलं असेल तर झाकलेल्या भागात एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांपलीकडे फार काही बसतच नाही. डीसी मोजून रेझिस्टर मिळतो. कपॅसिटरसाठी मोबाईलमधून हळू साइन सिग्नल सोड, वारंवारता खाली आण, आणि आउटपुट कुठे पडायला लागतं ते बघ. फझला सिग्नल फार बारीक द्यायचा, दोनतीन मिलिव्होल्ट, नाहीतर सगळं चौकोनी होऊन काही कळत नाही.

नकाशा पूर्ण झाला की त्याची परीक्षा पहिल्या तक्त्याशी. वर केला तसा हिशोब कर, किंवा एलटीस्पाइस या सर्किटचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाक. मोजलेली आणि काढलेली व्होल्टेजं दहावीस टक्क्यांत जुळली तर नकाशा बरोबर. पहिल्याच कलेक्टरवर दीडदोन व्होल्टचा फरक असेल तर कुठला तरी जोड चुकलाय, पुन्हा बीप घे. हा ताळा न करता लोक नकाशे वाटत फिरतात आणि पुढचे त्यावरून बोर्ड छापून आणतात.

आता तुझा दुसरा प्रश्न. नागपुरात बर्डीच्या बाजारात बीसी५४७, बीसी५४८ (सिलिकॉन ट्रांझिस्टर) हवे तितके मिळतील, सिलिकॉनचं पेडल असेल तर काम झालं. जर्मेनियमला जरा फिरावं लागेल. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूत एकेकाळी एसी१२८, एसी१८७, एसी१८८ भरपूर बनवले आणि आपल्याकडच्या जुन्या ट्रांझिस्टर रेडिओंच्या आउटपुटला ते जोडीने बसलेले असत. इतवारी-महालातल्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे चौकशी कर, नाहीतर घरच्या माळ्यावर बघ. एसी१२८ पीएनपी आहे, एसी१८७ एनपीएन, एसी१८८ पीएनपी. ऑनलाइन घेशील तर आल्या आल्या बेस-एमिटर तपास. जर्मेनियमच्या नावाखाली सिलिकॉन विकणारे बरेच आहेत.

गेन मोजताना बाजारातल्या स्वस्त टेस्टरवर भिस्त ठेवू नकोस. बरेच टेस्टर लीकेजही गेनमध्येच मोजतात आणि गळका ट्रांझिस्टर दोनशेचा दिसतो. साधी पद्धत जुनी आहे: ९ व्होल्ट, कलेक्टरला २४७२ ओहम, बेस मोकळा. त्या रेझिस्टरवर पडलेलं व्होल्टेज म्हणजे लीकेज. मग बेसला २.२ मेगओहम जोड, पुन्हा मोज. दोन्हींतल्या फरकाला १०० ने गुणलं की खरा गेन. बेसमधून चारेक मायक्रोअँपियर जातात, म्हणून शंभराच्या गेनला बरोबर १ व्होल्ट पडतो. ट्रांझिस्टर बोटाने धरू नकोस, बोटाच्या उबेने आकडा डोळ्यांदेखत चढतो.

आता तापमान. जर्मेनियमचं लीकेज दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतं. समजा तू घेतलेल्या ट्रांझिस्टरमध्ये २५ अंशांना बेस मोकळा ठेवून १०० मायक्रोअँपियर लीकेज आलं. गेन ७० असेल तर बेसच्या बाजूला हे झालं १.४ मायक्रोअँपियर. ४५ अंशांना तेच ५.६. वरचा हिशोब आठव: पहिल्या ट्रांझिस्टरला बेसला लागतात साडेतीनच. म्हणजे त्याला १०० के मधून काही घ्यायची गरजच उरली नाही, उलट जास्तच मिळतंय. पहिला पूर्ण उघडतो, दुसरा जवळजवळ बंद पडतो, त्याचा कलेक्टर बॅटरीच्या व्होल्टेजला जाऊन टेकतो. आवाज आधी तुटक होतो, सूर लांबवायला गेलं की मधेच गळा आवळल्यासारखा थांबतो, आणि मग नुसतं फुरफुर. ज्या देशात हे पेडल बांधलं तिथे खोली वीस अंशांची असेल. नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, मंडपातल्या स्टेजवर ते काय करेल, बाप्पा, विचारू नकोस. पेडल खराब झालं म्हणून माझ्याकडे उन्हाळ्यात येतात त्यांतली काही नुसती खोलीत गार केली की बरी होतात.

म्हणून तुझ्या नकलेत पहिल्या जागी तू मोजलेल्यांतला सगळ्यात कमी लीकेजचा ट्रांझिस्टर घाल, गेन कमी आला तरी चालेल. किंवा पहिला कमी गेनचा सिलिकॉन आणि दुसरा जर्मेनियम अशी जोडी कर. चोखंदळ कानांना ते थोडं खटकतं, पण नागपुरात हाच शहाणपणाचा सौदा आहे असं माझं मत. बायसचा ट्रिमर आत न ठेवता बाहेर काढ, ८.२ के च्या जागी ४.७ के आणि त्याच्यामागे १० के चा पॉट. वाजवणारा स्टेजवर फिरवून घेईल.

एवढं करूनही आवाज वेगळा वाटला तर सर्किटवर संशय घेण्याआधी पुढची केबल बघ. फझ फेसच्या जातीचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) फार कमी असतो, काही किलोओहम. गिटारचा पिकअप आणि व्हॉल्यूम पॉट हे त्या सर्किटचेच भाग होऊन बसतात. पुढे बफर असलेलं ट्यूनर किंवा वाह पेडल ठेवलंस की आवाज पातळ, कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर येणारा स्वच्छपणा जातो. तुलना करताना दोन्ही पेडलं एकाच गिटारला, एकाच केबलने, मधे काहीही न ठेवता लाव.

कायद्याचं कोणी विचारलं तर: स्वतःसाठी पेडल उघडून समजून घेणं, एखादं बनवणं यात साधारणपणे अडचण येत नाही. साठच्या दशकातल्या सर्किटांवर पेटंट असलंच तरी ते केव्हाच संपलंय. नाव, लोगो आणि डब्यावरचं चित्र मात्र त्या बांधणाऱ्याचं आहे, ते उचलायचं नाही. आणि त्याने खरवडलेला नंबर तू शोधून काढलास तर तो मित्राला जरूर सांग. पुढे कधी ट्रांझिस्टर मेला तर दुरुस्तीला तोच कामी येईल.